हरणाचा दावा

सत्य न्यायालयात स्वतःच्या पायांनी चालत येतं. वकिलानं फक्त दार उघडून धरायचं असतं. सनद मिळाली त्या आठवड्यात हे वाक्य मी स्वतः रचलं, एका पेंटरकडून सुबक अक्षरांत लिहून घेतलं, त्याला काचेची फ्रेम केली आणि बाईंच्या ऑफिसात टांगायला नेलं. बाईंनी ते शांतपणे वाचलं. मग म्हणाल्या, त्या भिंतीतून वायरिंग गेलंय, खिळा ठोकू नकोस.

फ्रेम अजून माझ्या कपाटामागे उभी आहे. वाक्य अगदीच खोटं निघालं असंही नाही. सत्य एकदा माझ्या डोळ्यांदेखत बारामतीच्या कोर्टात आलं. पण चालत नाही, पिकअप गाडीतून आलं, आणि आलं तेही समोरच्या पार्टीबरोबर.

बाई म्हणजे माझ्या सीनियर. बारामतीत वकील म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वाटणीचे दावे येतात, नाहीतर फौजदारी. बाई करायच्या व्यापारी दावे: मोडलेल्या भागीदाऱ्या, शीतगृहाचे करार, दूध थंड करायच्या टाक्या, नापास झालेला माल. अशा दाव्यात रक्त सांडत नाही आणि कुणाचा बांधही कोरला जात नाही, त्यामुळे बार रूममध्ये त्याला मान कमी. बाईंना याचं काही वाटत नसे. त्यांचं ऑफिस खता-औषधांच्या दुकानाच्या वर होतं. आमच्या प्रत्येक कागदाला कीटकनाशकाचा वास असे, आणि कोर्टातला कारकून गठ्ठ्यातून आमची फाइल डोळे मिटून काढून देऊ शकत असे.

मी कन्हेरीचा. काळा कोट घालून गावात गेलो तेव्हा आता हा मोठमोठ्यानं बोलणार, अशी घरच्यांची अपेक्षा होती. माझीही होती. बाईंकडे पहिल्याच महिन्यात मी एका नोटिशीत ‘प्रतिवादीने अत्यंत कपटीपणाने व निर्लज्जपणे’ असं लिहिलं. बाईंनी कागद माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, निर्लज्जपणाचा पुरावा आणलायस का? नव्हता आणला. मग अत्यंतचा तरी? विशेषणं खोडल्यावर त्या नोटिशीत उरलं ते चार ओळींत मावलं, आणि त्या चार ओळींना समोरच्यांनी आठवड्यात उत्तर दिलं. तेव्हापासून मी विशेषणं फक्त घरी वापरतो.

पण त्यांची खरी पद्धत वेगळीच होती. ऑफिसात येणारा प्रत्येक माणूस खुर्चीत टेकायच्या आत एकच वाक्य बोलायचा: माझ्यावर अन्याय झालाय. बाई म्हणायच्या, ते शेवटी सांगा, आधी माल कसा जातो ते सांगा. झाडापासून सांगा. मग तो माणूस जरा नाराज होऊन सांगू लागे. तोडणी कोण करतं, प्रतवारी कुठं होते, खोकी कोण भरतं, कुठल्या रस्त्यानं गाडी जाते, वाटेत कोण चहाला थांबतं. बाई काही लिहून घेत नसत. फक्त मध्येच विचारत, मग? एकदा एक द्राक्षवाला शीतगृहावर फसवणुकीचा दावा लावायचा म्हणून तावातावानं आला होता. झाडापासून सांगता सांगता स्वतःच एके ठिकाणी थांबला. गाडी अर्धा दिवस भर उन्हात उभी होती, कारण ड्रायव्हरच्या भाच्याचं बारसं वाटेत होतं. बाई म्हणाल्या, दावा लावता येईल, पण तो बाळावर लावावा लागेल. तो माणूस बराच वेळ हसला नाही. मग हसला, आणि गेला.

पुण्याच्या मोठ्या वकिलांच्या ऑफिसात मी नंतर गेलोय. तिथं भिंतभर पुस्तकं असतात आणि अशिलाला कॉफी मिळते. पण अशिलाला मालाची वाट विचारणारं मला तिथं कुणी भेटलं नाही.

चाचा आले ते उन्हाळ्याच्या तोंडावर. वय सत्तरीकडे झुकलेलं, पांढरा सदरा, पांढरी टोपी, हातात समन्स आणि दाव्याची प्रत. इंदापूर रस्त्याला त्यांची डाळिंबाच्या पॅकिंगची शेड होती. त्यांचे वडील सुप्याच्या बाजारात फळांचा व्यापार करत; चाचांनी तोच धंदा पुढं नेला. कळसच्या एका मोठ्या बागायतदाराबरोबर त्यांची कितीतरी वर्षांची भागीदारी होती. ह्या बागायतदाराला सगळा तालुका आबा म्हणतो, म्हणून मीही म्हणतो. आबांनी पिकवायचं, चाचांनी भरायचं आणि विकायचं. खोक्यावर चित्र होतं हरणाचं. मान वळवून बघणारं हरीण, पायाशी डाळिंब. (खोकी पुठ्ठ्याची. हल्ली हे स्पष्ट केलेलं बरं.) हरीण चाचांनी सुचवलं होतं. सुप्याच्या माळावर लहानपणी त्यांनी चिंकारा पाहिलेले, तेच त्यांच्या मनात होतं. डाळिंबाचा आणि हरणाचा संबंध काय, हे पुढं दाव्यात कोणत्याही पक्षानं न्यायालयाला सांगितलं नाही.

भागीदारी काही वर्षांपूर्वी फुटली होती. भांडण म्हणावं असं काही झालं नव्हतं. आबांचे जावई शेतीच्या व्यवस्थापनाची पदवी घेऊन आले आणि त्यांनी स्वतःची शेड टाकली, एवढंच. चाचा इतर बागायतदारांचा माल भरू लागले. खोक्यावर हरीण दोघांच्याही राहिलं. मग जावयांनी ते चित्र आबांच्या नावे रजिस्टर करून घेतलं, आणि आता दावा आला होता: चाचांनी हरीण वापरणं ताबडतोब थांबवावं.

चाचांसाठी प्रश्न साधा होता. उत्तरेकडच्या बाजारात त्यांचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. तिथले आडते मराठी वाचत नाहीत. ते फोनवर विचारत, हिरनवाला माल आया क्या? हरीण गेलं तर सत्तरीच्या माणसानं नव्या चित्रासह पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. आणि हंगाम महिन्यावर आला होता.

“माझ्यावर अन्याय झालाय, बाई,” चाचा म्हणाले.

बाई म्हणाल्या, ते शेवटी. झाडापासून सांगा.

चाचांनी सांगितलं. ते चांगलं सांगत. कात्री कशी धरायची, डाग कसा ओळखायचा, खोक्यात कागदाचं कातरण किती घालायचं. शेडपर्यंत आले, खोकी चिकटपट्टी लावून बंद झाली, गाडीत चढली. बाईंनी विचारलं, गाडी कुणाची?

“आबाची,” चाचा म्हणाले.

मी लिहीत होतो, तो थांबलो. बाईंनी पुन्हा विचारलं, कुठल्या आबांची? चाचांना प्रश्नच कळला नाही. ह्याच आबांची. त्यांची गाडी कळसहून निघते, चाचांची शेड रस्त्यालाच, गाडीत जागा असते. भागीदारी होती तेव्हा ड्रायव्हर शेडवर थांबायचा, फुटल्यावर त्याला थांबू नको असं कुणी सांगितलं नाही. पुढं बाजारात दोघांचा माल ज्याच्या त्याच्या गाळ्यावर उतरतो.

इथं दाव्यातली एक गोष्ट सांगायला हवी. व्यापारी दावा सरळ कोर्टात लावता येत नाही. आधी मध्यस्थाकडे जाऊन तडजोडीचा प्रयत्न करावा लागतो. अपवाद एकच: प्रकरण इतकं तातडीचं असेल की थांबणं परवडणार नाही. आबांतर्फे पुण्याच्या वकिलांनी तेच लिहिलं होतं. प्रतिवादी आपलं हरीण वापरतो हे आबांना नुकतंच समजलं, त्यांना जबर धक्का बसला, आणि दोन्ही पक्षांत कोणताही संबंध वा संपर्क उरलेला नाही. खाली आबांची सही होती. दावा इंग्रजीत होता. आबांना इंग्रजी येत नाही, पण सही येते.

म्हणजे आबांना नुकतंच समजलेलं हरीण वर्षानुवर्षं आबांच्याच गाडीतून चाललं होतं. एवढं एक वाक्य कोर्टापुढं ठेवलं की तातडी संपली, धक्का संपला आणि बहुधा दावाही संपला. मला उभं राहून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मी म्हणालो, ड्रायव्हरचं प्रतिज्ञापत्र उद्याच करून घेऊ.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे.

“हे न्हाय लिहायचं,” ते म्हणाले.

बाईंनी कारण विचारलं. चाचा टोपी काढून पुन्हा घालत होते.

“त्यानं माझा माल नेला. भाडं इचारलं न्हाय की कधी बोलून दाखवलं न्हाय. आन त्येच मी कोर्टात त्याच्या इरुद्ध सांगू व्हय? उद्या त्याला तोंड कुठल्या तोंडानं दाखवू?”

मी समजावायला लागलो. ते न्हाय न्हाय म्हणत राहिले. शेवटी मी जरा चिडून म्हणालो की चाचा, मग हरीण जाईल. ते म्हणाले, जाऊ दे की मग, पण हे माझ्या तोंडून न्हाय, तुमच्याबी न्हाय.

बाई समजावायला लागल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, तुम्ही सांगायचं नाही, आम्ही सांगायचं नाही, ड्रायव्हरकडून वदवायचं नाही. बरोबर? चाचा व्हय म्हणाले. बाई म्हणाल्या, ठीक आहे. चाचा जिना उतरून गेल्यावर मी म्हणालो की ही वकिली नव्हे. बाई म्हणाल्या, खटला त्यांचा आहे, आपण भाड्यानं आहोत. आणि मला उत्तर लिहायला बसवलं. त्यात चित्राचा जुना वापर होता, सुप्याचा माळ होता, जुन्या खोक्यांचे फोटो होते. गाडी नव्हती. चांगलं उत्तर होतं ते. मला ते पुरणार नाही असं वाटत होतं, आणि बाईंनाही वाटत असावं, कारण त्यांनी ते नेहमीपेक्षा दोनदा जास्त वाचलं.

तारखेच्या दिवशी मी फाटकाजवळ उभा होतो. एक पांढरी पिकअप येऊन थांबली. पुढच्या केबिनमधून आधी आबा उतरले, मग त्यांनी हात देऊन चाचांना उतरवलं. चाचांचा गुडघा दुखत होता. चाचा माझ्याकडे आले, आबा आत आपल्या बाजूच्या बाकाकडे गेले. मी विचारलं, तुम्ही एकत्र आलात? चाचा म्हणाले, मग? तारीख एकच हाय की.

बाईंनी हे वरून, कोर्टाच्या व्हरांड्यातून पाहिलं होतं. त्या दिवशी त्यांनी आपली टिपणं पिशवीतच ठेवली.

पुण्याचे वकील आले ते लवाजम्यासह. दोन ज्युनियर, एकाच्या हातात रंगीत चिठ्ठ्या चिकटवलेली पुस्तकं, दुसऱ्याच्या हातात साहेबांची पाण्याची बाटली. माणूस विद्वान होता, हे मी उपहासानं म्हणत नाही. त्यांनी चिन्हांच्या कायद्याचा इतिहास विलायतेपासून सुरू केला. बाईंना ‘माझ्या विद्वान मैत्रीण’ म्हणताना त्यांची नजर पंख्याकडे होती. हरीण हे केवळ हरीण नसून आबांच्या आयुष्यभराच्या कष्टांचं प्रतीक आहे असं त्यांनी म्हटलं, तेव्हा मागच्या बाकावर आबा खाली बघत होते. जावई मान डोलावत होते. तातडीवर तर ते इतकं सुंदर बोलले की मलाही कुठंतरी आग लागल्यासारखं वाटलं.

बाई उभ्या राहिल्या. चित्राच्या जुन्या वापरावर थोडकं बोलल्या. मग म्हणाल्या की वादीला हे केव्हा कळलं यावर सगळं अवलंबून आहे. कागदावर इंग्रजीत एक उत्तर आहे. वादी स्वतः कोर्टात हजर आहेत. पक्षकाराला समोर बोलावून प्रश्न विचारायचा अधिकार न्यायालयाला आहे, आणि तो आज वापरावा एवढीच विनंती आहे. मी प्रश्न विचारणार नाही, सुचवणारही नाही. न्यायालयानं, मराठीत विचारावा. आणि त्या खाली बसल्या.

तो अधिकार कायद्याच्या पुस्तकात पहिल्यापासून आहे. वापरताना मी तोवर कुणाला पाहिलं नव्हतं. पुण्याच्या वकिलांनी हरकत घेतली. न्यायाधीश म्हणाले की वादीला स्वतःच्या दाव्याबद्दल विचारण्यात वादीचं नुकसान काय, हे त्यांना कळत नाही. आबांना पुढं बोलावलं. चाचांनी माझं मनगट घट्ट धरलं. त्यांच्या लक्षात आलं होतं.

न्यायाधीशांनी विचारलं, “ह्यांच्या खोक्यांवर हरीण असतं, हे तुम्हाला कधी कळलं?”

आबांनी जावयाकडे पाहिलं. मग वळून चाचांकडे पाहिलं. चाचा जमिनीकडे बघत होते.

“कळायचं काय त्यात, साहेब,” आबा म्हणाले. “माझ्याच गाडीत जात्यात की.”

न्यायाधीशांनी विचारलं, कधीपासून?

“पहिल्यापासनंच. भागीदारी फुटली म्हणून गाडी रिकामी कशाला न्यायची? डिझेल तेवढंच लागतं.”

पुण्याचे वकील उठले आणि आपले अशील वयोमानामुळं थोडे गोंधळले आहेत असं सांगू लागले.

“गोंधळायला काय झालंय?” आबा त्यांच्याकडे वळून म्हणाले. “माझी गाडी मला म्हायती न्हाय व्हय?”

न्यायाधीशांनी चष्मा काढला. मग त्यांनी विचारलं तो प्रश्न कायद्याचा नव्हता, पण त्याशिवाय दुसरा विचारण्यासारखा उरलाही नव्हता. ते म्हणाले, तुम्हीच माल नेता, मग दावा कशाला लावलात?

आबा जरा दुखावले. एवढी साधी गोष्ट समजावून सांगावी लागते म्हणून.

“दावा हरणाचा हाय, साहेब. गाडीचा न्हाय.”

त्यानंतर बराच वेळ टंकलेखन चाललं. ताबडतोबीचा मनाई हुकूम मिळाला नाही. तातडी दिसत नाही, सबब पक्षकारांनी कायद्याप्रमाणं आधी मध्यस्थाकडे जावं, असा हुकूम झाला. हरीण निदान त्या हंगामापुरतं चाचांच्या खोक्यावर राहिलं.

बाहेर आल्यावर चाचांनी बाईंना विचारलं, “तुमी न्हाय ना सांगितलं?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “त्यांची गाडी. कोर्टानं त्यांनाच विचारावं, एवढंच म्हटलं.”

चाचा त्यावर विचार करत उभे राहिले. खूश झाले असं मी म्हणणार नाही. तेवढ्यात स्टिअरिंगवर बसलेल्या आबांनी हॉर्न वाजवला, आणि चाचा गुडघा सांभाळत गाडीकडे गेले. जावई त्याच गाडीत मागं, रिकाम्या हौद्यात उभे होते. पुढं दोघांचीच जागा होती.

परत जाताना मी बाईंना विचारलं, आबा खोटं बोलले असते तर? बाई म्हणाल्या, तर हरलो असतो. मी म्हणालो, इतका धोका? त्या म्हणाल्या, सकाळी त्यांनी हात देऊन उतरवलं ते तू पाहिलंस ना? मी पाहिलं होतं. मला त्यात फक्त दुखरा गुडघा दिसला होता.

मी पुष्कळ वकील पाहिले. आवाजाचे, पुस्तकांचे, ओळखीचे. समोरच्या पार्टीच्या भलेपणावर आपला बचाव उभा करणारा वकील मी एकच पाहिला, आणि त्यातही अशिलाला दिलेला शब्द अक्षरशः पाळून. बार रूममध्ये काही जण म्हणाले की बाई चलाख आहेत. चलाखी होतीच. पण निव्वळ चलाख माणसानं ड्रायव्हरचं प्रतिज्ञापत्र केलं असतं, आणि ते दोघं त्या संध्याकाळी वेगवेगळ्या गाड्यांनी गेले असते.

मध्यस्थीत फारसं काही घडलं नाही. जावयांनी एक लांबलचक मसुदा आणला होता. आबांनी तो चाचांना दिला, चाचांनी बाईंना दिला, बाईंनी त्यातली विशेषणं खोडली. उरलं ते असं: हरीण दोघांचं. आबांच्या खोक्यावर खाली कळस लिहायचं, चाचांच्या खोक्यावर सुपे. गाडीचा उल्लेख मसुद्यात कुठंही नाही. त्याबद्दल वादच नव्हता.

त्या हुकमाचं पुढं बरंच नाव झालं. पुण्याहून तरुण वकील त्याची प्रत मागवत. एका विधी महाविद्यालयात मला त्यावर बोलायलाही बोलावलं, शाल दिली, श्रीफळ दिलं, आणि मी व्यापारचिन्हाचं चिरंतन मोल या विषयावर तासभर बोललो. विद्यार्थी टिपून घेत होते.

तोवर आबांनी आणि चाचांच्या बागायतदारांनी डाळिंब काढून पेरू लावले होते. पेरू प्लास्टिकच्या क्रेटमधून जातो. क्रेटवर चित्र नसतं.